रुग्णाला घरी नेताना: वाशीत शुश्रूषेचा खर्च किती, आणि तो कुठे वाचतो

पक्षाघात झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरच्यांना एक वाक्य फार अचानक ऐकायला मिळतं: "उद्या घरी नेऊ शकता." रुग्णालयाच्या खर्चाची तयारी मनाने केलेली असते, विमा असतो, योजना असते, नातेवाईक पाठीशी असतात. पुढच्या तीन-चार महिन्यांच्या घरच्या शुश्रूषेचा हिशेब मात्र बहुतेकांनी मांडलेला नसतो. मग घाईत शुश्रूषेची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो, समोरचा सांगेल ती व्यवस्था आणि सांगेल तो दर मान्य होतो.

या लेखात तो हिशेब मांडला आहे. दर २०२५च्या सुमाराचे, वाशी आणि आसपासच्या नवी मुंबईतले आहेत आणि ते अंदाजे आहेत. रुग्णाची अवस्था, तुमचं सेक्टर, मजला आणि कामाचे तास यांनुसार ते वरखाली होतील. पण भाव करायला बसताना हाताशी आकडा असावा, इतपत ते नक्की उपयोगी पडतील.

आकड्यांच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण अख्खा लेख तिच्यावर उभा आहे. घरच्या शुश्रूषेतला सर्वांत मोठा खर्च न शिकल्याचा असतो. कूस बदलायला कोणी शिकवलं नाही म्हणून पाठीला जखम होते, भरवायचं कसं ते कळलं नाही म्हणून अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, लुळा हात धरून ओढला म्हणून खांदा निखळतो. मग पुन्हा भरती, पुन्हा बिल. हे सगळं टाळायला लागणारं शिक्षण वॉर्डातल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट देऊ शकतात. ते त्यांच्या कामाचाच भाग आहे आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात आलेले आहेत. फक्त ते मागून घ्यावं लागतं.

पहिला निर्णय: सिस्टर हवी की मावशी?

महिन्याच्या खर्चात सर्वांत मोठा फरक या एका निर्णयाने पडतो.

मावशी किंवा मामा, म्हणजे प्रशिक्षित मदतनीस: अंघोळ किंवा अंग पुसणं, कपडे व डायपर बदलणं, कूस बदलणं, भरवणं, चाकाच्या खुर्चीत बसवणं, चालताना आधार देणं, युरिन बॅग रिकामी करणं. बारा तासांचे रोज ७०० ते १,००० रुपये. चोवीस तास राहणाऱ्यांचे ९०० ते १,३०० रुपये आणि जेवण.

सिस्टर किंवा ब्रदर, म्हणजे जीएनएम, एएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली व्यक्ती: इंजेक्शन, सलाईन, खोल जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर आणि नाकातली नळी बदलणं, घशाला केलेल्या छिद्राची काळजी, सक्शन. बारा तासांचे रोज १,५०० ते २,५०० रुपये.

रुग्णाला ट्रॅकिओस्टॉमी (घशाला केलेलं छिद्र), वारंवार सक्शन, शिरेतून औषधं, बायपॅप, न आवरणाऱ्या फिट्स किंवा खोल जखम असेल तर सिस्टरला पर्याय नाही. तिथे काटकसर करू नका. पण पक्षाघातानंतर स्थिर झालेल्या, नाकात नळी आणि कॅथेटर असलेल्या बहुतेक रुग्णांना दिवसभर सिस्टर लागत नाही. नळीतून अन्न देणं घरचं माणूस शिकू शकतं. नळी आणि कॅथेटर बदलायला सिस्टरला ठरावीक दिवशी घरी बोलावलं की काम भागतं. एका फेरीचे साधारण ५०० ते १,००० रुपये होतात, साहित्य वेगळं. सिस्टर रोज १,८०० रुपयांनी ठेवली तर महिन्याचे ५४,००० होतात. मावशी ८०० रुपयांनी ठेवली तर २४,०००. घरातल्या दोघांनी वॉर्डात नीट शिकून घेतलं तर हा तीस हजारांचा फरक त्या कुटुंबाचा वाचतो.

मात्र हा निर्णय ब्युरोवर सोपवू नका. डिस्चार्जच्या आधी डॉक्टर आणि वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर यांना नेमका प्रश्न विचारा: "घरी अशी कोणती कामं आहेत, जी फक्त सिस्टरनेच करायला हवीत?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

बाकीच्या वस्तू आणि सेवांचे दर

- फिजिओथेरपिस्टची घरची फेरी: ६०० ते १,२०० रुपये.
- हाताने फिरवायची फाऊलर कॉट, भाड्याने: महिना २,५०० ते ४,५०० रुपये, विजेवर चालणारी ६,००० ते ९,०००. अनामत वेगळी.
- हवेची गादी: विकत २,५०० ते ४,५०० रुपये. भाड्याने घेऊ नका. दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात नवी येते आणि वापरलेल्या गादीची हवा गळण्याचा धोका असतो.
- चाकाची खुर्ची: विकत ५,००० ते ९,००० रुपये, भाड्याने महिना ६०० ते १,०००.
- कमोड खुर्ची: २,००० ते ४,००० रुपये. वॉकर: ९०० ते १,८०० रुपये.
- मोठ्यांचे डायपर: एक ३० ते ५५ रुपये.
- बाथरूममध्ये धरायचा दांडा: बसवण्यासह साधारण १,००० रुपये.

वाशीत मोठ्या रुग्णालयांच्या आसपास सर्जिकलची दुकानं भरपूर आहेत. दोन-तीन दुकानांत फोन करून दर विचारला तर त्याच वस्तूत बराच फरक दिसतो. वस्तू किंवा औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते. औषधं आणि चाचण्या कुठून घ्यायच्या हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत नोंदलेला आहे. रोजची रक्तदाबाची, मधुमेहाची आणि रक्त पातळ ठेवणारी बरीच औषधं जनऔषधी केंद्रात खूपच स्वस्त मिळतात. ती तिथून घ्यायला हरकत नाही ना, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. फिट्सच्या गोळ्यांची कंपनी मात्र त्यांना सांगितल्याशिवाय बदलू नका.

जिन्याचा खर्चही धरा. वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहतींत, विशेषतः सेक्टर ९ आणि १०मधल्या जेएन टाइप इमारतींत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला उतरवायचं तर रुग्णवाहिकेबरोबर उचलणारी माणसं लागतात आणि त्यांचे पैसे वेगळे पडतात. जाऊन-येऊन एका तपासणीचे दोन-तीन हजार सहज होतात. म्हणून पुढच्या तपासण्या एकाच दिवशी जुळवा: न्यूरॉलॉजिस्ट, रक्ततपासणी आणि फिजिओ यांच्या वेळा एकत्र मागा. साध्या फेरतपासणीसाठी व्हिडिओ कॉल चालेल का, हेही विचारा. पहिले दोन महिने तळमजल्यावर एखादी खोली भाड्याने घेणं किंवा लिफ्ट असलेल्या नातेवाइकांकडे राहणं काही घरांना स्वस्त आणि सुखाचं पडतं. मोठी गोष्ट अशी की जिन्यामुळे घरात अडकलेला रुग्ण चालायला लागल्यावरही बाहेर पडत नाही. जिना चढउताराचा सराव फिजिओच्या यादीत पहिल्या महिन्यापासून घाला.

पहिल्या महिन्याचं अंदाजपत्रक: पक्षाघात

एक नमुना घेऊ. वय अडुसष्ट, उजवी बाजू कमजोर, नाकात नळी, कॅथेटर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवसा मावशी, रात्री घरचे.

- मावशी, बारा तास, ३० दिवस × ८००: २४,०००
- सिस्टरच्या दोन फेऱ्या × ८००: १,६००
- फिजिओ, २२ फेऱ्या × ८००: १७,६००
- कॉट भाडं: ३,५००
- हवेची गादी (एकदाच): ३,५००
- चाकाची खुर्ची भाडं: ८००
- कमोड खुर्ची (एकदाच): २,५००
- डायपर, रोज चार × ४० × ३०: ४,८००
- हातमोजे, अंडरपॅड, ओले रुमाल: १,५००
- औषधं: ४,०००
- रुग्णवाहिका, जिन्यासह दोन फेऱ्या: ६,०००

एकूण ६९,८०० रुपये. यातले एकदाच घ्यायच्या वस्तूंचे ६,००० दुसऱ्या महिन्यात नाहीत. कॅथेटर निघाला, नळी निघाली आणि रुग्ण आधाराने उभा राहू लागला की डायपर, सिस्टर आणि रुग्णवाहिका हे तिन्ही खर्च घसरतात. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारत राहा: "कॅथेटर कधी काढायचा? नळी कधी?" कॅथेटर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिला तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढत जातो.

हात आखडावा लागला तर सर्वांत शेवटी कात्री लावायची ती फिजिओला. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. ते दिवस परत मिळत नाहीत. मावशीचे तास कमी करा, कॉट साधी घ्या, चाकाची खुर्ची कोणाची वापरलेली घ्या. व्यायाम चालू ठेवा.

फिजिओ स्वस्तात कुठे?

वाशीच्या सेक्टर १०मध्ये नवी मुंबई महापालिकेचं सार्वजनिक रुग्णालय आहे. खाजगी रुग्णालयाच्या तुलनेत तिथली फी नाममात्र असते. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम अशी फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि वेळही भरपूर देतात. अवघड केस असेल, हाताला-पायाला स्प्लिंट किंवा कॅलिपर बनवून हवं असेल, तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५पासून हेच काम करते आहे. बोलणं गेलेल्या रुग्णासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. सेरेब्रल पाल्सीसारख्या अवस्थेतल्या लहान मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र वाशीतच आहे.

एक चांगली जोडणी अशी: पहिले सहा आठवडे घरी रोज फिजिओ, मग आठवड्यातून दोन-तीनदा महाविद्यालयात जाणं आणि मधल्या दिवशी शिकवलेले व्यायाम घरच्यांनी करून घेणं.

वॉर्डात शिकून घ्यायच्या सहा गोष्टी

डिस्चार्जच्या किमान दोन दिवस आधी इन्चार्ज सिस्टरना सांगा की घरची दोन माणसं शिकायला येणार आहेत. ठेवणार असलेल्या मावशींनाही एक दिवस वॉर्डात बोलवा. नुसतं ऐकू नका. सिस्टरने दाखवल्यावर त्यांच्यासमोर तुम्ही करून दाखवा आणि चुकलं ते त्यांना दुरुस्त करू द्या. परवानगी घेऊन मोबाईलवर चित्रण करा.

१. कूस बदलणं. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं निजवायचं, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या. रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं पाहायची. लालसर डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जास्त काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधायची. खेचून सरकवू नका, चादरीसकट उचलून सरकवा. भिंतीवर वेळापत्रक लावा आणि कूस बदलली की खूण करा.

२. भरवणं. पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणं बिघडतं. गिळण्याची तपासणी झाली का, हे विचारल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. सर्वांत धोका पातळ पदार्थांचा: पाणी आणि चहा. त्याहून अवघड म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र असलेले, उदाहरणार्थ आमटीत कालवलेला भात किंवा दूधपोहे. घट्टसर नाचणीची पेज, मऊ खिचडी एकजीव करून, दही, कुस्करलेलं केळं हे तुलनेने सोपं; पण किती घट्ट, ते थेरपिस्टने ठरवून द्यायचं. रुग्ण ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पुढचा घास आधीचा गिळल्यावर. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. गालात अन्न साठलंय का ते पाहून तोंड स्वच्छ करायचं.

३. नाकातली नळी. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नाकाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का, हे प्रत्येक वेळी पाहायचं. खूण सरकली असेल किंवा रुग्णाला ठसका लागत असेल तर काही न देता सिस्टरला बोलवायचं. अन्न हळूहळू, स्वतःच्या वजनाने जाऊ द्यायचं. आधी आणि नंतर पाणी सोडायचं. कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत ते लिहून घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण मात्रा एकदम उतरते.

४. कॅथेटर. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. रुग्णाला हलवताना ती पोटावर ठेवायची नाही. हात धुऊनच हात लावायचा. लघवी थांबली, गढूळ झाली, रक्त आलं किंवा ताप आला तर वाट पाहू नका.

५. उठवणं आणि बसवणं. चाकाची खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावून. काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही; कमरेला पट्टा बांधून तो धरायचा. लुळा हात उशीवर टेकलेला असू द्या, लोंबता नको. उचलणाऱ्याने गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची. दुसऱ्या महिन्यात घरच्यांचीच कंबर धरली, ही तक्रार फिजिओंकडे फार येते.

६. बोलणं. उजवी बाजू गेलेल्या अनेकांची भाषा बिघडते. बुद्धी शाबूत असते. छोटी वाक्यं बोला, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारा, पाणी-लघवी-दुखतंय अशी चित्रं दाखवा. उत्तराला वेळ द्या. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नका.

खुब्याचं हाड: कमी दिवस, वेगळा खर्च

घरात पडून खुब्याचं हाड मोडणं हा साठीनंतरचा मोठा अपघात. शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, साधारण ४८ तासांच्या आत, आणि दुसऱ्या दिवसापासून उभं करणं हा आजचा उपचार आहे. "हाड जुळेपर्यंत झोपून राहू दे" हा प्रेमापोटी दिलेला सल्ला न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी आणि जखमा घेऊन येतो. किती भार टाकायचा ते सर्जनकडून लिहून घ्या आणि तेवढं नक्की चालवा.

खर्च: मावशी २१ दिवस १६,८००, फिजिओच्या १२ फेऱ्या ९,६००, वॉकर १,२००, कमोडवर बसवायची उंच सीट २,०००, दोन दांडे २,०००. एकूण ३१,६०० रुपये.

सांधा बदलला असेल तर सर्जन परवानगी देईपर्यंत मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, भारतीय शौचालय, पाट आणि बुटकं स्टूल बंद. खुर्ची अशी उंच हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाणार नाहीत. झोपल्या झोपल्या घोटे वर-खाली हलवायचा व्यायाम दर तासाला. एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. पडताना दुसरं हाडही मोडून प्लास्टर घातलं असेल तर बोटं निळी-पांढरी पडणं, बधिर होणं, दुखणं वाढत जाणं ही तातडीची लक्षणं. आणि खाज आली म्हणून आत पट्टी किंवा सुई घालायची नाही. हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचं का, हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका. दुसरं फ्रॅक्चर टाळण्याचा तोच मार्ग आहे.

पार्किन्सन्स: थोडा पण वर्षानुवर्षांचा खर्च

इथे मावशी बराच काळ लागत नाही. औषध आणि व्यायाम आयुष्यभर लागतात. लेव्होडोपाची गोळी घड्याळाच्या काट्यावर द्यायची. डाळ, दूध, पनीर अशा प्रथिनयुक्त अन्नाबरोबर तिचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा तास. दुसऱ्या कारणाने रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर गोळ्यांचं वेळापत्रक लिहून वॉर्डात द्या. मुंबईत २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण आणि घरच्यांसाठी मोफत आधारगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करतं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा टाळीच्या ठेक्यावर पाऊल टाकणं किंवा फरशीवरच्या रेषेवरून पाय उचलणं अशा युक्त्या तिथे अनुभवी माणसांकडून शिकायला मिळतात.

ब्युरोला पैसे देण्याआधी

- नोंदणी फी, कमिशन आणि अनामत वेगवेगळी लिहून घ्या. मावशींच्या हातात रोज किती पडतात ते विचारा. हातात फार कमी पडत असेल तर माणूस टिकत नाही, आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला रुग्णाचं सगळं नव्याने शिकवावं लागतं.
- खाडा झाला तर बदली किती तासांत? न जमल्यास पैसे परत कसे?
- सिस्टर म्हणून पाठवलेल्या व्यक्तीचा परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. मावशींना इंजेक्शन द्यायला किंवा कॅथेटर बदलायला सांगू नका. ब्युरो हो म्हणालं तरी नाही.
- आधारची प्रत घ्या आणि स्थानिक पोलीस ठाण्यात माहिती द्या.
- आठवड्याची सुट्टी, जेवण, चोवीस तासांच्या कामात सलग झोपेचे तास पहिल्याच दिवशी ठरवा. जड रुग्णाला एकटीने उचलायला लावू नका. जी बाई तुमच्या आईची कूस रात्री दोनला बदलते, तिच्या पाठीची काळजी घेणं तुमच्याकडे आहे.

पैसे कुठून येऊ शकतात?

आरोग्य विमा. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस त्याच आजाराचा खर्च मिळतो: औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी. म्हणून "फिजिओथेरपी, आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे" असं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि प्रत्येक फेरीची सही-शिक्क्याची पावती ठेवा. मदतनीस, खाजगी नर्स, डायपर, वॉकर, हवेची गादी हे विम्यात साधारणपणे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहेत. ते तुमच्या खिशातून जाणार असं धरूनच चाला.

सरकारी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत भरतीचा खर्च मिळतो. ऑक्टोबर २०२४पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. चौकशीसाठी १४५५५. घरची शुश्रूषा यात येत नाही, पण भरतीचे पैसे वाचले की घरासाठी उरतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे भरतीच्या वेळीच विचारा.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा). तुर्भे, पावणे, महापे भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांनी हे नक्की वाचावं. उपचार कामगाराला आणि त्याच्या अवलंबून कुटुंबाला मिळतात. वाशीत ईएसआयचं रुग्णालय आहे. कामगार स्वतः आजारी असेल तर आजारपणाचा भत्ता ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के. अर्धांगवायू, पार्किन्सन्स, मज्जारज्जूवरचा दाब, मणक्याची चकती सरकणं यांसारख्या दीर्घ आजारांत, दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरलेलं अंशदान असेल तर, ८० टक्क्यांपर्यंत विस्तारित भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. एपीएमसी बाजारातल्या माथाडी कामगारांसाठी कोपरखैरण्याला माथाडी रुग्णालय आहे. पाठीची दुखणी अंगावर काढण्याआधी तिथे दाखवावं.

अपंगत्व प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत चलन अपंगत्व, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी येतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं.

आयकर. जुन्या करप्रणालीतच या वजावटी मिळतात. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडी). ठरावीक आजारांच्या उपचारासाठी ४०,०००, ज्येष्ठांसाठी १,००,००० पर्यंत (कलम ८०डीडीबी); यात पार्किन्सन्स, डिमेन्शिया आणि मोटर न्यूरॉन आजार आहेत. पक्षाघात त्या नावाने यादीत नाही, पण त्यामुळे गेलेली भाषा, म्हणजे अफेझिया, आहे. ४० टक्के अपंगत्व आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र लागतं. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या उपचारखर्चावर ५०,००० पर्यंत वजावट आहे (कलम ८०डी), मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून सीएकडे वजावटीच्या नावाने विचारणा करा.

या वेळी पैशांचा विचार करू नका

तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं: घड्याळात वेळ पाहा आणि १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून चोवीस तास सीटी आणि न्यूरॉलॉजिस्ट असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून नंबर फ्रिजवर लावा. भरवताना ठसका लागून नंतर ताप येणं, श्वास लागणं, पोटरी सुजणं, जखमेतून पू येणं, नव्याने लघवी-शौचावरचा ताबा जाणं यांतही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हातात असाव्यात अशा पाच गोष्टी

औषधांचं वेळेसह वेळापत्रक. फिजिओची लेखी शिफारस. फक्त सिस्टरने करायच्या कामांची यादी. नळी, कॅथेटर आणि टाके कधी बदलायचे किंवा काढायचे याच्या तारखा. अडचण आली तर रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर.

यातली एखादी जरी नसेल तर ती मिळाल्याशिवाय निघू नका. खाजगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावेत आणि तक्रारीची सोय ठेवावी, असं महाराष्ट्राच्या २०२१च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांत आहे. तुमचे प्रश्न कोणाकडे उपकार मागणारे नाहीत. तासभर थांबा, सिस्टरना हाक मारा आणि पुन्हा एकदा कूस बदलून दाखवा.